सूपभर कोंड्याचं नाव

भिलाईजवळच्या नंदिनी नगरात दारावर पाटी लावायची रीत नव्हती. क्वार्टर कंपनीचे, त्यांवरचे नंबर कंपनीने रंगवलेले, आणि खदानीतून उडणारी चुनखडीची धूळ इतकी की कुठलंही नाव दोन उन्हाळ्यांत पांढरं होऊन जायचं. तरी आमच्या समोरच्या दारावर एक पाटी होती आणि दर रविवारी ती ओल्या फडक्याने पुसली जायची. निळ्यावर पांढरी अक्षरं: हवालदार आनंदराव रामाजी गोंडाणे.

त्या पाटीवरच्या नावाने त्यांना कोणीच हाक मारत नसे. लहानथोर सगळे त्यांना हवालदार म्हणत. पेन्शनच्या कागदावर ते एक नंबर होते, खदानीत एक टोकन, आणि गल्लीत एक हुद्दा. नावाशिवाय माणूस किती सुखाने जगू शकतो हे त्यांच्याकडे पाहून कळायचं. त्यांना स्वतःला मात्र ते कळलेलं नव्हतं.

फौजेतून सुटल्यावर ते खदानीच्या मॅगझिनवर, म्हणजे सुरुंगाची दारू ठेवायच्या कोठीवर, पहारेकरी म्हणून लागले. कोठीच्या फाटकातून जाणाऱ्या प्रत्येक ट्रकला त्यांचे दोन नियम होते. काडीपेटी बाहेर ठेवायची, आणि पुढे लटकवलेलं लिंबू-मिरची काढायचं. पहिला नियम कंपनीचा होता, दुसरा त्यांचा स्वतःचा. काढलेलं लिंबू ते ड्रायव्हरच्या समोर चिरायचे, पाण्यात पिळायचे आणि साखर घालून त्यालाच प्यायला द्यायचे. "लिंबाचा इतनाही काम है," असं म्हणत. विहाराचे ते अध्यक्ष होते. चौदा एप्रिलला आणि दसऱ्याला त्यांचं भाषण ठरलेलं असे आणि विषयही ठरलेला असे, अंधश्रद्धा. चार वाक्यं झाली की ते सावधानमध्ये उभे राहायचे, आणि ऐकणारेही नकळत पाय जुळवायचे.

१९९१च्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी ते आमच्याकडे आले आणि त्यांनी आत येऊन स्वतःच दार लोटून घेतलं.

"भैय्याजी, कडी लावू का?" त्यांनी माझ्या वडिलांना विचारलं.

बाबा खदानीच्या टाइम ऑफिसात क्लार्क होते. ते म्हणाले, "लावा. पण पंखा बंद हाये, लवकर बोला."

आईने चहा आणला. हवालदारांना आमच्याकडे नेहमी काचेच्या ग्लासात चहा मिळायचा, आम्ही स्टीलच्या कपात घ्यायचो. आई त्याला पाहुणचार म्हणायची. पंधरा वर्षं समोर राहणारा माणूस पाहुणा कसा, हे तिला कोणी विचारलं नाही. हवालदारांनीही नाही. ते ग्लास दोन्ही हातांनी धरायचे आणि चहाची तारीफ करायचे.

त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून एक लहान जाड पुस्तक काढलं. फौजेतून सुटताना मिळतं ते, डिस्चार्ज बुक. पहिलं पान उघडून त्यांनी माझ्यापुढे धरलं.

"वाचू नको, पोरी. पाहा फक्त."

मी पाहिलं. नाव होतं, उकर्डा रामाजी गोंडाणे.

आमच्याकडे उकर्डा म्हणजे उकिरडा, शेणकेराचा ढीग.  बाबा चहात बिस्कीट बुडवत राहिले.

"मले माहीत हाये," बाबा म्हणाले. "पंधरा वर्षं झाले, हजेरीत तेच लिहून राहिलो."

"मंग कधी बोलले कावून नाही?"

"तुमी कधी विचारलं कावून नाही?"

 खदानीत पगार टोकन नंबर पुकारून होत असे, त्यामुळे ते नाव बाबांच्या रजिस्टरात निवांत पडून होतं, आणि तसंच पडून राहिलंही असतं. पण त्याच आठवड्यात दुर्गच्या माजी सैनिकांच्या ऑफिसातून एक कागद आला होता. एकाहत्तरच्या लढाईला वीस वर्षं होतील, म्हणून सोळा डिसेंबरला दुर्गच्या मैदानावर त्या लढाईतल्या जवानांचा सत्कार आहे. नावं डिस्चार्ज बुकाप्रमाणे पुकारली जातील. काही दुरुस्ती असल्यास दसऱ्याच्या आत करून घ्यावी.

"विहाराची सगळी मंडळी येनार हाये," हवालदार म्हणाले. "चंपत बस ठरवून राहिला. बायामानसं, लेकरं, समदे. अन् तिथं लाउडस्पीकरवर..."

त्यांनी पुस्तक मिटलं, पुन्हा पिशवीत घातलं. "पोरगी सायित्य शिकली हाये ना? अर्ज लिहून दे मले. ते नाव काढा म्हनावं अन् आनंदराव लिहा."

मी नागपूरहून मराठीत एम.ए. होऊन आले होते. भिलाईत त्याचा कोणाला काय उपयोग, हे मला घरी रोज विचारलं जात होतं. पहिला उपयोग हा झाला, आणि तो अर्ज हिंदीत लिहायचा होता.

अर्जासाठी मला नावाची हकिकत हवी होती. ती त्यांनी ड्यूटीचा रिपोर्ट द्यावा तशी दिली. लाखनीकडचं गाव. आईची तीन लेकरं जगली नाहीत. चौथं झालं तेव्हा सुईणीने त्याला नेऊन उकर्ड्यावर ठेवलं, म्हणजे हे कोणाचंच नाही, टाकलेलं आहे असं लेकरं नेणाऱ्या काळाला वाटावं. मग आईने सुईणीला सूपभर कोंडा दिला आणि उकर्ड्यावरचं लेकरू विकत घेतलं. विकत घेतलेल्याला नावही तसंच ठेवायचं, रीतच होती. पुढे छप्पन साली वडील घरातल्या सगळ्यांना घेऊन नागपूरला गेले, दीक्षा घेऊन आले, आणि परतल्यावर म्हणाले, आता उकर्डे संपले. सोळा वर्षांच्या मुलाचं नाव त्या दिवशी आनंद झालं.

"मग भरती त्यानंतर झाली ना?" मी विचारलं. "तिथे जुनं नाव कसं गेलं?"

"गेलं. भरतीवाल्या बाबूनं लिहून टाकलं," ते म्हणाले आणि चहाचा ग्लास स्वतः विसळून मोरीत पालथा ठेवायला उठले.

अर्ज गेला. पावसाळ्यात पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर आलं. उत्तर सभ्य होतं आणि त्यातली प्रत्येक गोष्ट बरोबर होती. कोर्टाचं शपथपत्र हवं, वर्तमानपत्रात जाहीर सूचना हवी, आणि जन्मापासून दोन्ही नावांनी ओळखणाऱ्या वडीलधाऱ्या नातेवाइकाचा जबाब अंगठ्यासह हवा.

दुर्गच्या कोर्टाबाहेर गुलमोहराखाली टाइपरायटर घेऊन बसणारे टिकाराम शपथपत्रं करून देत. मी हवालदारांबरोबर गेले होते. टिकारामांनी दोन्ही नावं टाइप केली, कागद फिरवून पाहिला आणि विचारलं, "पेपर में कब छपवाओगे, फौजी भैया?"

"छापना जरूरी है?"

"जरूरी तो है. सरकार ला कइसे पता चलही के अब आप उकर्डा नहीं हो?"

"पेपर में छापूंगा तो सबको पता चलेगा कि मैं उकर्डा हूँ."

"एक बार पता चलेगा. फिर नहीं रहोगे."

 जे नाव एकदा मैदानात ऐकू येऊ नये म्हणून हवालदार इथवर आले होते, ते हजारो घरांत पोचवल्याशिवाय कायदा ते पुसायला तयार नव्हता. टिकाराम समजूत घालावी तसं म्हणाले, "अइसे पेपर में दे दो जेला कोनो नइ पढ़य."

हवालदारांना ते पटलं. मोहीम आखावी तसा त्यांनी आठवडाभर तपास केला. कुठल्या घरी कुठला पेपर येतो, विहाराच्या वाचनालयात कुठला, स्टोअरवर कुठला. शेवटी रायपूरहून निघणारा एक पेपर त्यांना सापडला, जो नंदिनी नगरात एकाही घरी येत नव्हता. सूचना त्यात आतल्या पानावर छापून आली, लिलाव आणि हरवलेल्या मार्कशीटच्या मध्ये. हवालदारांनी एक प्रत अर्जासाठी मागवली आणि त्या रात्री ते शांत झोपले, असं त्यांच्या पत्नी सत्यशीलाकाकू सांगत.

तो पेपर नंदिनीत कोणी वाचत नव्हता हे खरं होतं. पण रद्दी वाचणाऱ्याला विचारून येत नाही. खदानीच्या भोंग्याजवळच्या हॉटेलात त्याचा गठ्ठा येत असे, आलुबोंडे बांधायला.

चंपत ड्रिलवर काम करायचा आणि विहाराचा सचिव होता. हवालदार अध्यक्ष असल्यामुळे त्यांची थट्टा करण्याचा अधिकार सचिवाकडे आहे अशी त्याची समजूत होती. एका संध्याकाळी हवालदारांच्या अंगणात आम्ही बसलो असताना तो हातात तेलकट कागद घेऊन आला. बोंडा खाऊन झाला होता, कागद उरला होता.

"हवालदार, एक विचारू का? गोंडाणे म्हंजे तुमचेच लोक ना?"

"का झालं?"

"यात एक उकर्डा गोंडाणे हाये. पुढचं फाटून गेलं, पन पत्ता नंदिनी नगरचाच दिला. तुमचा कोन लागते?"

सत्यशीलाकाकू तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. हवालदार खुर्चीतून उठले, सदरा खाली ओढला आणि सावधानमध्ये उभे राहून म्हणाले, "मीच."

चंपतने कागदाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. थट्टा त्याच्या तोंडाशी आलेली होती, ती परत गिळता येईना.

"म्हंजे इतके वर्षं अंधश्रद्धेवर जे भाषण..." तो म्हणाला. "नाही, भाषण चांगलंच असते. मी आपलं विचारलं."

"बस रे," काकू म्हणाल्या. "नाव चंपत, पन चहा घेतल्याबिगर कधी चंपत झाला नाही. बस."

तो बसला. चहा घेतला. गल्लीत दोन दिवसांत सगळ्यांना कळलं आणि तिसऱ्या दिवशीही सगळे त्यांना हवालदारच म्हणत होते. मला वाटलं, आता प्रकरण संपलं. ज्याची भीती होती ते होऊन गेलं आणि काहीच झालं नाही. मी तसं बोलूनही दाखवलं.

"तसं नसते, पोरी," ते म्हणाले. "घरात माहीत असनं येगळं. मैदानात पुकारनं येगळं. माह्या बापानं ते नाव नागपूरले टाकून देल्लं होतं. त्याले मी भर मैदानात पुन्हा उचलू का?"



आता राहिला होता जबाब. दोन्ही नावांनी ओळखणारं एकच माणूस जिवंत होतं, त्यांची आई रुक्मा. सत्तरी ओलांडलेली, वाळक्या शेंगेसारखी, दिवसभर मागच्या ओट्यावर बसून असायची. मुलाला ती फक्त "बापू" म्हणायची. टाइप केलेला जबाब आणि स्टॅम्पपॅड घेऊन मी गेले, तेव्हा तिने अंगठा पदराखाली घेतला.

"कायचा अंगठा?"

"माय, नाव बदलाचं हाये," हवालदार म्हणाले. "मांगंच सांगतलं तुले."

"मी नाही देत."

"कावून?"

"इकत घेतलेलं हाये ते. फुकटचं असतं तं बदलवलं असतं मी. सूपभर कोंडा देल्ला म्या. त्या साली खायले कोंडा बी नोहता घरात."

"माय, हे समदी अंधश्रद्धा हाये."

म्हातारीने डोळे बारीक केले. "मंग भरतीत तेच नाव कावून सांगतलं?"

"बाबूनं लिहिलं ते."

"बाबूले का सपन पडलं होतं?" ती माझ्याकडे वळली. "बाई, तू लिहून राहिली ना, खरं लिही. कामठीले भरतीले जायच्या दिवशी म्या याले म्हनलं, बापू, तिथं लढाई असते. तिथं नेनारा बी येते, नावं वाचत. आनंद म्हनशीन तं उचलन. उकर्डा सांग. आमच्या घरी बाबासाहेबाचा फोटो लागला होता तवा. याचा बाप जिता होता. तरी यानं आयकलं माह्यं. तोंडी इचारलं, अन् यानं तोंडी सांगतलं."

मी हवालदारांकडे पाहायचं टाळलं. मागच्या अंगणात त्यांनी लावलेल्या शेवग्याची फुलं गळत होती. कोणीतरी ती झाडून एका बाजूला लोटली होती.

"एकोनीस वर्षांचा होतो," ते शेवटी म्हणाले. "भेव लागलं होतं."

"मंग?" म्हातारी म्हणाली. "काम केलं का नाही नावानं? एकाहत्तरात खड्ड्यात गोळा पडला, दोघं गेले, तू आला. आनंदराव आला असता का?"

याचं उत्तर हवालदारांकडे असतं, तर ते विहारातल्या भाषणात वीस वेळा येऊन गेलं असतं.

तीन दिवस मायलेकांत बोलणं नव्हतं. चौथ्या दिवशी म्हातारीने आपणच तोड काढली. सौदा मोडायचा तर रीतीने मोडायचा, ती म्हणाली. घेतलं तिथे नेऊन परत ठेवायचं, आपला कोंडा परत घ्यायचा, आणि मग पोटचं म्हणून उचलायचं. तेवढं केलं की ती दहाही बोटांचे ठसे द्यायला तयार होती.

दसरा जवळ आला होता. हवालदारांनी भाषणाची तयारी चालवली होती, तीही बंद पडली. कागदावर आनंदराव व्हायचं तर आधी एकदा उकर्ड्यावर बसायचं, हे त्यांना मान्य होणं शक्य नव्हतं. आणि आईला उचलून तिचा अंगठा जबरदस्तीने टेकवणं त्याहून अशक्य. ते दोन दिवस मॅगझिनवरून येऊन तसेच बुटांसकट खुर्चीत बसून राहिले. तिसऱ्या दिवशी सत्यशीलाकाकूंनी अहिवाऱ्याच्या राइस मिलवरून कोंडा आणवला आणि दाराशी ठेवला.

"तू बी?" हवालदार म्हणाले.

"मी काही मानत नाही," काकू म्हणाल्या. "पन कोंडा आनाले कोनी तं पाहिजे."

त्यात आणखी अडचण अशी की नंदिनी नगरात उकर्डा नव्हता. टाउनशिप होती ती, कचऱ्याला सिमेंटच्या कुंड्या होत्या, त्यांवरही नंबर होते. म्हातारीने कुंडी साफ नाकारली. शेवटी क्वार्टरांच्या मागे गावाकडच्या बाजूला राऊताच्या, म्हणजे गवळ्याच्या, गोठ्यापाशी शेणाचा एक मोठा ढीग सापडला. वेळ हवालदारांनीच ठरवली, दुपारच्या भोंग्याची. भोंगा झाला की खदानीत सुरुंग उडत, आणि तेवढा वेळ सवयीने सगळे घरात बसत, काचा थरथरतात म्हणून खिडक्यांवर हात ठेवून. रस्त्यावर कुत्रंही नसे.

मी स्टॅम्पपॅड घेऊन गेले होते. हवालदार इस्त्रीच्या कपड्यांत होते. बूट काढू की नको, असं त्यांनी आईला विचारलं. ती म्हणाली, "जनमला तवा बूट होते का तुले?" त्यांनी बूट काढले, त्यांत मोजे घालून ठेवले, आणि ढिगावर बसले. ताठ, गुडघ्यांवर हात ठेवून, ग्रुप फोटोसाठी बसतात तसे. काकूंनी सुईणीच्या जागी उभं राहून सूप म्हातारीच्या हातात दिलं.

तेवढ्यात सुरुंग उडाला. पायाखालची जमीन हलली आणि गोठ्याचे पत्रे वाजले. हवालदारांनी मान खाली घातली आणि दोन्ही हात डोक्यावर घेतले. हे त्यांनी केलं नाही, त्यांच्या अंगाने केलं. पंधरा वर्षं रोज हाच आवाज ऐकणारा माणूस, पण एरवी ते मॅगझिनच्या भिंतीआड असायचे. तिथे त्यांना कोणी पाहिलं नव्हतं.

म्हातारीने सूप पालथं केलं. वाऱ्यावर कोंडा उडाला, थोडा तिच्या केसांत बसला, थोडा त्यांच्या इस्त्रीवर. ती ढिगाच्या कडेपर्यंत गेली आणि तिने हात पुढे केला.

"ऊठ, आनंद," ती म्हणाली.

पस्तीस वर्षांत तिने ते नाव घेतल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. हवालदार लगेच उठले नाहीत. मग त्यांनी तिचा हात धरला, पण भार दिला नाही. ती कोसळली असती.

"आता तू उघडा झाला," घरी परतताना ती म्हणत होती. "आता नेनाऱ्यानं पाह्यलं तं पाह्यलं. पन्नाशी झाली, लेकरंबाळं झाले. लय वापरला म्या तुले."

अंगठा तिने असा दाबून दिला की शाई कागदाच्या पलीकडे उतरली. दसऱ्याला हवालदारांनी भाषण केलं, पण विषय बदलला. ते वाचनालयाच्या वेळेवर बोलले. चंपतने टाळ्या वाजवल्या आणि माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. उकर्ड्याचं त्याला कळलं होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. राऊताच्या घराला मागे खिडकी होती.

नोव्हेंबरच्या शेवटी दुरुस्ती होऊन डिस्चार्ज बुक परत आलं. जुन्या नावावर लाल रेघ, वर नवीन नाव, बाजूला शिक्का आणि सही. हवालदारांनी ते बाबांना दाखवलं. बाबांनी चष्मा लावून नीट वाचलं आणि म्हणाले, "आता मले हजेरीत बी बदलवा लागन. कामच वाढवलं तुमी." आईने चहा आणला. ग्लास काचेचाच होता.

सोळा डिसेंबरला चंपतची बस भरून गेली. दुर्गच्या मैदानावर मांडव होता, ऊन होतं, खुर्च्या होत्या. हवालदार पहिल्या रांगेत मेडलं लावून बसले होते. त्यांच्या मागे काकू आणि नव्या पांढऱ्या लुगड्यातली रुक्मा. लाउडस्पीकर स्वच्छ होता. एकेक नाव पुकारलं जाई, एकेक म्हातारा होत चाललेला माणूस उठून शाल घेऊन येई.

"हवालदार आनंदराव रामाजी गोंडाणे."

कोणी उठलं नाही.

 निवेदकाने कागद डोळ्यांजवळ नेला आणि पुन्हा पुकारलं. हवालदार समोर पाहत ताठ बसून होते, चेहऱ्यावर थोडी उत्सुकता, दुसऱ्या कोणाची पाळी आहे आणि तो कुठे राहिला, अशी. सतरा वर्षं रोज संध्याकाळी गिनतीला, म्हणजे पलटणीच्या हजेरीला, त्यांनी जे नाव ऐकलं होतं, ते हे नव्हतं.

काकूंनी मागून खांद्यात बोट खुपसलं. "अवो, तुमालेच."

ते गेले. शाल घेतली, नारळ घेतला, पितळी फलक घेतला, त्यावर नाव अचूक कोरलेलं होतं. विहाराच्या मंडळींनी टाळ्यांचा कडकडाट केला. सगळं ठरल्याप्रमाणे झालं होतं. ते जागेवर येऊन बसले आणि त्यांनी रुमालाने फलक पुसला, दारावरची पाटी पुसायचे तसा.

यादी संपली. निवेदक आभार मानायला लागणार, तोच मागच्या रांगांतून काठी टेकत एक माणूस उठला. डोंगरगडकडचा बळीराम, त्यांच्याच प्लाटूनमधला, हे आम्हाला नंतर कळलं. त्याला माइकची गरज नव्हती.

"ओ उकर्डा! उकर्डा गोंडाणे कुठं हाये बे? यादीत नाव नाही आलं त्याचं. खपला का?"

"हाजिर साब."

आवाज पहिल्या रांगेतून आला होता. हवालदार उभे होते. टाचा जुळलेल्या, छाती पुढे, शाल खांद्यावरून खाली पडलेली. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला मूंगफली विकणाऱ्यानेही वळून पाहिलं. ते स्वतःही दचकलेले दिसत होते, पण उभे राहिले होते आणि आता बसणं शक्य नव्हतं.

बसमधून आलेली सगळी मंडळी त्यांच्याकडे पाहत होती. चंपत आपल्या चपलांकडे पाहत होता. मग त्याने वाकून शाल उचलली, झटकली आणि त्यांच्या खांद्यावर ठेवली. थट्टेची एवढी मोठी संधी त्याने सोडल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

बळीराम काठीसकट त्यांच्या अंगावर येऊन आदळला. दोघं बराच वेळ एकमेकांना शिव्या देत राहिले. तेवढं ओसरल्यावर बळीराम म्हणाला, "साल्या, त्या खड्ड्यातून तू जिता निंघाला, ते मी इसरलो नाही. बहात्तरमंदी मले पोरगा झाला, लय अशक्त होता. म्या म्हनलं, याचं नाव उकर्डाच ठेवतो. हे नाव मरत नसते."

हवालदारांनी विचारलं, "मंग?"

"मंग का. पोट्टा कालेजात गेला. आता म्हनते, लाज वाटते. कोर्टात चकरा मारून राहिला नाव बदलवायले."

"कावून?" हवालदार म्हणाले. "चांगलं तं हाये."

मागून रुक्माने मान पुढे काढली. "इकत घेतलं होतं का त्याले?"

"नाही माय. असंच ठेवलं."

"मंग बदलवू दे," ती म्हणाली. "फुकटच्या नावात दम नसते."

परतताना बसमध्ये ती मुलाच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. फलक तिच्या मांडीवर होता. उजेड जात चालला होता आणि दूर भिलाईच्या पोलादाच्या भट्ट्यांच्या बाजूचं आकाश तांबूस होऊ लागलं होतं. हवालदार खिडकीबाहेर पाहत होते. नंदिनीच्या फाट्याशी बस वळली तेव्हा ते मागे वळून हळूच म्हणाले,

"पोरी, बळीरामचा पोट्टा कधी आला ना अर्ज लिहून मागाले, तं देऊ नको. आधी मले भेट म्हन."